वैशाखातला पाझर

आमच्या अण्णाला कुणी कूलर दुरुस्तीला दिला तर तो कूलर सुधारून देतो. गिऱ्हाईक नाराज होतं, अण्णाचं समाधान होतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ सिद्धलिंग. परभणीत त्याचं रेडिओ-कूलर दुरुस्तीचं दुकान, आणि मागच्या खोलीत शिकवणीसाठी घेतलेला एकुलता एक संगणक. सकाळ-संध्याकाळ त्यावर पोरं शिकायची. दुपारी तो माझा.

त्या संगणकात माझा ज्वारीवरचा प्रबंध होता. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या जानेवारीत बस बंद पडल्या, शेतावर जाता आलं नाही आणि सगळं काम उन्हाळ्यावर ढकललं गेलं. जूनच्या आत प्रबंध द्यायचाच होता, कारण लग्न ठरलं होतं. माझे होणारे सासरे, पाथरीचे कापडवाले सांबप्पा, बैठकीतच म्हणाले होते, "डिग्री घिऊन आली तर खुशाल करू दे नोकरी. अर्धं शिक्षण आमच्या घरात आनू नगा. न्हाई तर मंग घर सांभाळायचं." मला नोकरी हवी होती. नवराही हवा होता, पण नोकरी जास्त.

अडचण अशी की भर दुपारी संगणक तापायचा आणि अडकून बसायचा. लिहिलेलं गायब. फ्लॉपीवर उतरवून ठेवावं तर फ्लॉपीचा ड्राइव्ह धुळीनं बिघडलेला, त्याचा सुटा भाग औरंगाबादहून यायचा होता. मी रडकुंडीला यायचे.

"थांब उमे, त्याला थंडच करून टाकतो," अण्णा म्हणाला.

मोडीत निघालेल्या प्रयोगशाळेच्या एका यंत्रातून त्यानं पांढरी चपटी पट्टी काढून आणली. वीज दिली की तिची एक बाजू गार पडते, दुसरी तापते. गार बाजू त्यानं संगणकाच्या मुख्य चिपवर बसवली. तापणाऱ्या बाजूला तांब्याची डबी, डबीतून पाणी, आणि ते पाणी नळीनं फिरून कूलरसमोरच्या माठात. माठाला ओलं फडकं, खिडकीला वाळ्याचा पडदा, दार बंद. माठानं पाणी गार करायचं, पाण्यानं पट्टीची उष्णता न्यायची, पट्टीनं चिपची. मी पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं, इतकी ती गार होती.

पहिल्या दुपारी संगणक एकदाही अडकला नाही. दुसऱ्या दुपारी अव्वा, म्हणजे आमची आई बसम्मा, चहा घेऊन आली आणि उघड्या संगणकात डोकावली. पट्टीच्या कडेला पाण्याचे बारीक थेंब होते.

"पाझरायलाय की रे ह्ये!"

अण्णानं एकेक नळी चाचपली. सगळे सांधे कोरडे, गळती कुठंच नाही. मग त्याचा चेहरा खुलला. "मंग बरंच हाय अव्वा. पाझरलं म्हंजे गार झालं."

आमच्याकडं माठ असाच पारखतात. बाहेरून कोरडा राहिला तर कुंभाराला परत, ओला झाला तर घरात. वैशाखात हवेतून पाणी निघालेलं परभणीत कुणी पाहिलंय? शास्त्र शिकलेली मीसुद्धा हसले आणि शेवटचं प्रकरण लिहायला बसले. त्या बंद खोलीतली हवा आम्हीच ओली करून ठेवली होती, कूलरनं, पडद्यानं, माठानं. तेच पाणी गार पट्टीवर जमून खालच्या सर्किटवर उतरत होतं.

फट्ट झालं. जळका वास आला आणि संगणकाचा पडदा काळा पडला.

डिस्कही गेली, तिच्यातला प्रबंधही. औरंगाबादच्या माणसानं ती हातात घेऊन नुसती मान हलवली. शेतावरच्या नोंदी शाबूत होत्या, पण त्यांवरून सगळं पुन्हा उभं करायला महिने लागले असते, आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या. मला भयंकर राग आला होता. पण अण्णाला काय बोलणार? त्यानं जीव ओतला होता. मी गप्प राहिले. बोलले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

लग्न झालं. पाथरीला निघायच्या दिवशी अव्वानं माझ्यासोबत द्यायला नवा माठ भरून ठेवला होता. त्याच्यावर हात फिरवून ती कौतुकानं म्हणाली, "लय चांगला पाझरायलाय गं उमे."

तेव्हा मी पहिल्यांदा रडले. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

अण्णा पुढं आला. खांद्यावरच्या टॉवेलनं तो माठ पुसायला लागला. पुसला की माठ पुन्हा ओला. त्यानं पुन्हा पुसला.

"काय करायलास रे? माठ हाय त्यो," अव्वा म्हणाली.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. अण्णा खाली मान घालून पुसतच होता.