राखाडी गाडीची नवी मालकीण

मी एक जुनी, राखाडी रंगाची छोटी मोटार आहे. मित्रांनो, रस्त्यात मी तुमच्या शेजारून गेले तर तुम्ही मान वळवून पाहणार नाही. माझ्या मागच्या बंपरला पोचा आहे आणि एका दाराचा रंग बाकीच्या अंगापेक्षा किंचित उजळ आहे. तरीही सध्या मी इतकी आनंदात आहे, की कुणाला तरी माझी हकिकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर मी नुसता पत्र्याचा सांगाडा होते. पुढे सरकत गेले तशी कुणी मला दारं बसवली, कुणी काचा, कुणी इंजिन. शेवटी एकाने किल्ली फिरवली आणि मी पहिल्यांदा थरथरले. ती थरथर अजून आठवते. मग ट्रकमध्ये चढून मी पुण्याला आले आणि विमलाबाईंची झाले.

विमलाबाईंचं घर नारायण पेठेत आणि विजेच्या सामानाचं दुकान बुधवार पेठेत. यजमान गेल्यावर दुकान त्या एकट्या चालवत. पंख्यांची खोकी, वायरींची भेंडोळी रिक्षातून न्यायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून पंचावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. त्यांचे दीर महिपतराव म्हणाले, "वहिनी, या वयात?"

"याच वयात," विमलाबाई म्हणाल्या. "पुढच्या वयात आणखी उशीर होईल."

बंपरला पोचा त्यांनीच पहिल्या महिन्यात पाडला. पण नंतर आमची गट्टी जमली. पेठेतल्या गल्ल्यांतून आम्ही दोघी अशा निघत असू, की समोरचा टेम्पो आपणहून मागे सरे. वेळेवर तेल, वेळेवर पाणी, चाकांत नेमकी हवा. गिऱ्हाइकांना त्या सांगत, "ही बोलत नाही आणि बंद पडत नाही. माणसांत असं मिळत नाही." ते ऐकून माझा हॉर्न न वाजवताच वाजेल की काय, असं मला होई.

मग त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दुकान त्यांनी देऊन टाकलं. मी इमारतीच्या पार्किंगमध्ये कापडाखाली उभी राहिले, ती दोन वर्षं. बॅटरी मेली. टायर बसले. शेजारची मांजर माझ्या टपावर झोपे आणि मला तेवढीच सोबत वाटे. एके दिवशी महिपतराव एका भंगारवाल्याला घेऊन आले. त्याने माझ्या दारावर टकटक केली आणि माझं वजन किती भरेल ते सांगितलं. मित्रांनो, माझ्या चालण्याबद्दल त्याने एक शब्दही विचारला नाही.

विमलाबाईंनी त्याला रविवारपर्यंत थांबायला सांगितलं आणि मोबाइलवर जाहिरात टाकली. 'गाडी जुनी आहे, ते लपवलेलं नाही. नुसतं बघायला येणाऱ्यांनी शनिवारवाडा बघावा.'

त्या जाहिरातीवर एकच फोन आला. तो ऋतिकाचा.

ऋतिका खराडीच्या एका कंपनीत संगणकाचं काम करते. तिचे वडील रंगराव मूळचे यवतमाळकडचे. हडपसरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते पुण्याला आले आणि फुरसुंगीत राहिले. लहानपणीच्या एका आजारात ऋतिकाच्या पायांतली ताकद गेली. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीवर असते. खुर्ची पाहिली की रिक्षावाले पुढे निघून जात, म्हणून रंगराव कारखान्यातली स्वतःची पाळी सांभाळून, शेजाऱ्याची व्हॅन मागून घेऊन तिला रोज कामावर पोचवत आणि आणत. ते आजारी पडले तर ती घरी.

फोनवर ऋतिकाने एकच विनंती केली. "मी यायच्या आधी इंजिन सुरू करू नका, प्लीज. मला ती एकदम थंड असताना बघायचीये. आधी गरम करून ठेवली की खोट कळत नाही."

"सुरू करायची म्हटलं तरी होणार नाही," विमलाबाई म्हणाल्या. "बॅटरी मेली आहे."

"मग तर बेस्टच," ऋतिका म्हणाली.

शनिवारी सकाळी बापलेक आले. रंगरावांनी कुणाकडून तरी चार्ज केलेली बॅटरी आणली होती. त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं, की आदल्या आठवड्यात एका विक्रेत्याकडची लालभडक गाडी रंगरावांच्या मनात भरली होती. आरशासारखी चमकत होती म्हणे. ऋतिकाने तिचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर आतल्या पट्ट्यावर वाळलेला चिखल निघाला. गाडी पुरात बुडालेली होती. तिथून ते निघाले.

आता माझी पाळी होती. ऋतिकाने महिनोन्‌महिने व्हिडिओ पाहून, मित्रमैत्रिणींच्या गाड्या तपासून अभ्यास केला होता. उभं राहणाऱ्या माणसाला माझा टप आणि बॉनेट दिसतं. तिला खुर्चीतून माझ्या दारांचे खालचे काठ समोरच दिसत होते, आणि गंज तर तिथेच धरतो. तिने मोबाइलचा उजेड टाकून ते बोटांनी चाचपले. तेलाचं झाकण उघडून आतला भाग पाहिला. टायर एकाच बाजूने झिजलेत का, ते पाहिलं. उजळ दाराबद्दल विचारलं, तेव्हा विमलाबाईंनी दुकानाच्या शटरला घासल्याचं सरळ सांगितलं. सीटबेल्टही तिने शेवटपर्यंत ओढला. तो कोरडा आणि स्वच्छ निघाला, तेव्हा ती गालातल्या गालात हसली. माझी छाती अशी फुगली, की बसलेल्या टायरांचंही मला काही वाटेना.

रंगरावांनी बॅटरी जोडली. किल्ली फिरली. एकदा नुसतीच घरघर झाली. दुसऱ्यांदाही. मी सगळा जीव एकवटला, आणि तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. पार्किंगमध्ये तो आवाज घुमला आणि मांजर पळून गेली.

"चालवणार कोण?" विमलाबाईंनी विचारलं.

"मी," रंगराव म्हणाले.

"मी," त्याच क्षणी ऋतिका म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रंगरावांना वाटलं होतं, गाडी घ्यायची ती आपण लेकीला बसवून न्यायला. तिने मात्र वेगळंच ठरवलं होतं. हाताने चालवायची जोडणी गाडीला बसवून मिळते, असं तिने हळूहळू सांगितलं. साठवलेल्या पैशांतले काही त्या जोडणीसाठी राखून ठेवावे लागणार होते. म्हणून तर तिला इतकी स्वस्त, तरी खात्रीची गाडी हवी होती.

रंगरावांनी चाकांत हवा भरून घेतली आणि स्वतःच मला बाहेर काढलं. ऋतिका शेजारी बसली, विमलाबाई मागे. दोन वर्षांनी माझ्या काचेवर ऊन पडलं. सिंहगड रस्त्याची गर्दी, खड्डे, गतिरोधक, सगळं मला सणासारखं वाटत होतं. ऋतिका कान देऊन माझा प्रत्येक आवाज ऐकत होती. खडकवासल्याचं धरण जवळ आलं, चढ लागला, आणि माझा घात झाला. उष्णतेचा काटा वर चढला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली.

रंगरावांनी मला कडेला घेतलं. मी लाजेने मेले. उद्या रविवार होता.

"हा देवाचाच इशारा समज," रंगराव म्हणाले. "नको हे गाडी. अन् तू चालवनं तर नकोच. रस्त्यात अशी बंद पडली अन् मी नसलो, तं तू काय करशील पोरी?"

"बाबा, तुम्ही नसाल तेव्हा मी काय करणार, हाच तर प्रश्न आहे," ऋतिका म्हणाली. "म्हणून तर मला गाडी पाहिजे."

धरणावरचा वारा येत होता. विमलाबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अहो, मी शिकले तेव्हा घरातले सगळे माझ्या काळजीने असेच गळून गेले होते. नंतर लग्नकार्याला मलाच 'येताना स्टेशनवरून पाहुणे आणाल का' म्हणून फोन करायचे." मग ऋतिकाला म्हणाल्या, "दोन वर्षं उभी आहे. आतली रबरं वाळली असणार. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

इंजिन निवाल्यावर ऋतिकाने बॉनेट उघडायला लावलं. वडिलांना मोबाइल आत धरायला सांगून तिने फोटो काढून घेतले आणि ते मोठे करून पाहिले. पाण्याच्या नळीला चीर गेली होती. तेलात मात्र पाणी उतरलं नव्हतं. याचा अर्थ इंजिन शाबूत होतं, दुखणं फक्त नळीचं होतं.

जवळच्या गॅरेजमध्ये नळी बदलली. खर्च विमलाबाईंनी केला. रंगरावांना परत जायचं होतं, पण ऋतिकाने हट्ट धरला की त्याच चढावर पुन्हा जायचं. गेलो. या वेळी मी श्वास रोखला होता. चढ आला, चढ गेला, काटा जागचा हलला नाही. वर पोचल्यावर ऋतिकाने माझ्या डॅशबोर्डवर थाप मारली. "बाबा, हीच."

रंगरावांनी उतरून बॉनेट उघडून पाहिलं, वाफेचा मागमूस नव्हता. "आधीच सांगून ठेवतो, शिकवीन मीच," ते शेवटी म्हणाले. "दुसऱ्या कोनाले नाही बसू देनार शेजारी."

किमतीवरून थोडी ओढाताण झाली. विमलाबाई किती खाली आल्या, ते महिपतरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. भंगारवाल्याला मात्र त्यांनी स्वतः फोन केला आणि सांगितलं, की वजन करायचंच असेल तर महिपतरावांचं करा.

मग माझं रूप पालटलं. स्टिअरिंगच्या उजवीकडे एक दांडा आला. पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. क्लचची कळ गिअरच्या मुठीवर आली. आरटीओने तपासून या बदलाची नोंद केली. फुरसुंगीच्या मोकळ्या मैदानात आम्ही तिघं रोज सकाळी जाऊ लागलो. सुरुवातीला मी बेडकासारख्या उड्या मारत बंद पडायचे. रंगराव डोळे मिटून घ्यायचे आणि डोळे मिटूनच सूचना द्यायचे. मग एके दिवशी ऋतिकाने मैदानाला अख्खा वळसा घातला आणि त्यांना सूचना द्यायला काही उरलंच नाही.

परवाना हातात आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटी निघाली. खुर्चीची चाकं काढून तिने शेजारच्या सीटवर ठेवली, मागोमाग घडी घातलेली खुर्ची ओढून घेतली. मदतीला पुढे झालेले रंगरावांचे हात तसेच राहिले. खराडीपर्यंत ती मोठमोठ्याने गात होती. सूर बरा नव्हता. मला तो फार आवडला.

मित्रांनो, जुनी गाडी घेताना तिच्या चकाकीला भुलू नका. तिला थंड असताना जागी करा, चढावर न्या, तिच्या मालकाला खरं बोलायची संधी द्या. आणि घरात कुणी जुनं, चालतं उभं असेल, तर त्याला कापडाखाली विसरू नका. आम्ही चालून जेवढ्या झिजत नाही, तेवढ्या उभ्या राहून झिजतो.

एकटी निघाली त्या दिवशी संध्याकाळी ऋतिका थेट घरी गेली नाही. तिने मला हडपसरच्या कारखान्याच्या फाटकाशी उभं केलं. पाळी सुटली. रंगराव बाहेर आले, मला पाहून थबकले, आणि सवयीने उजव्या दाराकडे आले.

"बाबा, तिकडून," ऋतिका म्हणाली.

ते वळसा घालून डावीकडे आले. तिने शेजारच्या सीटवरची चाकं आणि घडी घातलेली खुर्ची त्यांच्या हाती दिली, ते सगळं त्यांनी मागच्या सीटवर ठेवलं. मग शेजारी बसले आणि सोबत्यांना दिसावं म्हणून काच पूर्ण खाली केली.