बाकी नऊ

आग लागो त्या आकड्याला. नऊ कोटी चौऱ्याण्णव लाख आठशे एक्क्याण्णव. आमचे हे अंबरनाथच्या कारखान्यात ज्या लेथ मशीनवर बावीस वर्षं राबले, त्याच्या पत्र्याच्या पट्टीवरचा हा नंबर. कारखान्याला टाळं लागलं, मशीन भंगारात गेलं. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्याचे तुकडे होताना ह्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि नुसती पट्टी मागून घरी आणली.

त्या दिवसापासून डोक्यात एकच खूळ. हा नंबर मूळ संख्या आहे, ह्याला कशानेच भाग जाणार नाही, हे दाखवायचं. मशीन तोडलं, नंबर तोडून दाखवा म्हणायचे. तीनने भागलं, सातने, अकराने, असं करत दोन वर्षं. नऊ हजार नऊशे सत्तरच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुढे गरज नाही म्हणे. त्या बाराशे अठ्ठावीस. मांजर्लीच्या आमच्या एका खोलीत वह्यांचा ढीग झाला. मी रोज कावायचे, आकड्यांनी पोट भरतं का म्हणून.

मग छातीने घात केला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, दोनचार दिवस आहेत. हात उचलवेना तेव्हा हे म्हणाले, "इंदू, शेवटचा एकच भागाकार राहिलाय. नऊ हजार नऊशे सदुसष्टने. तू कर. हे कळल्याशिवाय मला जाता यायचं नाही."

मी चौथी शिकलेली, पण केला. भाग आला नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर, आणि बाकी शून्य. तीनदा केला, तीनदा शून्य. बाराशे सत्तावीस वेळा तगला आणि मेला शेवटच्यालाच भागला गेला.

"भाग सांग. बाकी सांग."

भाग सांगितला. बाकी वाटेल ती सांगून चालणार नव्हतं. हे प्रत्येक भागाकार ताडून बघत. अंकांची बेरीज करायची, नऊ आले की सोडून द्यायचे, भाजकाचं नि भागाचं उरेल ते गुणून, बाकी मिळवून नंबराशी जुळवायचं. दोन वर्षं ह्यांचं पुटपुटणं ऐकून मलाही ते पाठ झालं होतं. त्या कसोटीत शून्य आणि नऊ सारखेच. मी म्हटलं, "बाकी नऊ."

ह्यांचे ओठ हलले. "भाजकाचे चार, भागाचा एक. चार एके चार. बाकीचे नऊ सोडले. नंबराचेही चारच. बरोबर." असं समाधान मी ह्यांच्या तोंडावर लग्नातही बघितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, देवा, आत्ताच ने ह्यांना, असं आलं माझ्या मनात.

पण हे मोजतच राहिले. "सात त्रिक एकवीस. त्यात नऊ, तीस. शेवटी शून्य येतंय, इंदू. आपल्या नंबराच्या शेवटी एक आहे." डोळे उघडले. "बाकी शून्यच ना?"

मी मान डोलावली. रडू आवरेना.

"मग नऊच का सांगितलीस?"

"तुमच्या कसोटीत बसावी म्हणून."



"म्हणजे तुला येत होतं," हे म्हणाले. "आणि दोन वर्षं मी इथे एकटाच भागत बसलो."