खंदकाआतली भिंत

मी एक जुनी भिंत आहे. विलायतेत, इल्फर्ड शहराहून गाडीने तासाभरावर, शेतांच्या मधोमध एक चौकोनी खंदक आहे. त्याच्या आत मी एकटीच उभी असते.

मित्रांनो, इथे एका जमीनदाराचं मोठं घर होतं. चोरांच्या भीतीने, आणि थोडं मिरवायलाही, त्याने भोवती पाण्याचा खंदक खणून घेतला. अंगणात गारगोट्या आणि चुना वापरून घरच्यांच्या प्रार्थनेसाठी चॅपल बांधलं. मी त्याची पूर्वेची भिंत. मेणबत्त्या माझ्यासमोरच लागत. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका.

पुढे त्याचा वंश संपला. नव्या मालकाने चॅपलमध्ये गाई बांधल्या. घर पडलं, चॅपलचं छप्परही कोसळलं, बाकीच्या भिंती गावकऱ्यांनी दगडांसाठी फोडून नेल्या. खंदकात आता शेवाळ आणि बदकं. तीही माझ्याकडे फिरकत नाहीत. लोक मला गोठ्याची भिंत म्हणतात, आणि खरं सांगते, ते मनाला लागतं.

यंदा मला मोठा तडा गेला. स्थानिक कौन्सिलचा माणूस पिवळं हेल्मेट घालून आला. "जुना गोठा आहे, कुणी येत नाही इथे. टेकू देण्यापेक्षा पाडलेली बरी," असं तो फोनवर म्हणाला.

तो मोजमाप घेत असतानाच लीलावतीबाई नात साराला घेऊन फिरत फिरत आल्या.

"आजी, लुक, चॅपल!" माझ्यातल्या चर्चसारख्या टोकदार खिडकीकडे बोट दाखवत सारा ओरडली.

"काढते गं, ओरडतेस काय," म्हणत आजींनी चपला बाजूला ठेवल्या आणि ओल्या गवतात अनवाणी पाऊल टाकलं.

सारा हसत सुटली. "चप्पल नाही आजी, चॅपल. म्हणजे देवाचा घर. ब्रेक झाला आहे तो."

"मग काढल्या ते बरंच झालं," आजी म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर तळवा टेकवला. "एकटीच उभी आहेस होय गं?"

मित्रांनो, शेकडो वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी आतून हलले.

तो माणूस आजींच्या पायांकडे बघत होता. त्या अनवाणी का, असं त्याने साराला विचारलं.

"बिकॉज इट्स अ चॅपल," सारा म्हणाली.

त्याने वर माझ्याकडे पाहिलं. मग, चर्चमध्ये शिरताना टोपी काढतात तसं, हळूच हेल्मेट काढून काखेत धरलं.

त्याचं मन बदललं का, मला ठाऊक नाही. सोमवारी टेकू येईल, नाहीतर यंत्र. पडक्या जागेत शिराल तेव्हा इथे काय होतं एवढं तरी विचारा, मित्रांनो. मला पाडलंच, तर आपण चॅपल पाडतोय हे आता त्याला माहीत असेल.