केशरच्या लेकीवरचा दगड

मी एक दगड बोलतोय. काळपट हिरवा, आकाराने बेताचाच, पण उचलायला गेलात तर कंबर धराल असा होतो.

माझा जन्म जमिनीच्या पोटात फार खोल झाला. तिथला खडक चुलीवरच्या पेजेसारखा फिरतो. तापलेला वर येतो, निवलेला खाली जातो, पण इतक्या सावकाश की तुमच्या शंभर पिढ्यांना पत्ता लागू नये. एका भेगेतून मी वर आलो आणि शेवटी काळी नदीच्या पात्रात पडून राहिलो.

१९६४ साली कुंभारवाडा गावच्या म्हादूने मला उचललं. त्याची आठ महिन्यांची लेक तापाने गेली होती. त्यांच्याकडे तान्हं मूल पुरलं की बापाने नदीतला जड दगड डोक्यावरून, वाटेत कुठेही न टेकवता आणायचा आणि वर ठेवायचा, म्हणजे कोल्हे उकरत नाहीत. म्हादूने मला दोन कोस आणलं. त्याची बायको केशर रानात जाता-येता मला हात लावायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांनी हळबे नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ आले. खोलातला खडक कसा फिरतो, ठिकठिकाणी त्यातले घटक कसे बदलतात, याचं गणित त्यांना गणकयंत्रावर मांडायचं होतं. त्यासाठी ते गावोगावचे दगड गोळा करत होते. तांबड्या मातीत अर्धा रुतलेला मी दिसलो आणि स्वारी हरखली. विचारायला वस्तीत कोणी नव्हतं, सगळे आठ दिवसांच्या मुक्कामाने लाकूडतोडीला गेलेले. मी पहारीने सहज सुटलो, तेव्हाच मी इथला नसल्याची शंका त्यांना यायला हवी होती. पण रामनगरला जाऊन बस गाठायची घाई! वहीत लिहिलं, 'कुंभारवाडा, जागेवरचाच खडक.'

पुण्यात मला करवतीने चिरलं, कुटलं, आम्लात विरघळवलं. माझे आकडे कार्डांवर भोकं पाडून यंत्रात गेले. यंत्र बिचारं सांगितलेलं ऐकतं. त्याने कुंभारवाड्याखाली निराळ्याच खडकाचा मोठा लोट वर येताना दाखवला. साहेबांनी पेढे वाटले.

१९६७ साली ते पडताळायला परत आले. चार ठिकाणी खणलं, माझ्या जातीचा खडा सापडेना. तेवढ्यात केशर समोर आली.

"हितला दगड तुमी न्हेलासा?"

"हो. का हो बाई?"

"माझ्या लेकीवरचा हुता त्यो. आमी कामावरनं आलो तर कोल्ह्यांनी जागा उकरल्याली. कायबी ऱ्हायलं न्हवतं."

 साहेबांनी पिशवीतून माझी उरलेली चकती काढून तिच्या हातावर ठेवली.

"येवढाच ऱ्हायला?" केशर म्हणाली. "ह्यानं काय झाकू मी आता? आन् कुनाला?"

तिने मला त्या रिकाम्या जागेवर ठेवलं आणि ती निघून गेली. साहेबांनी वहीतली ओळ खोडली. त्यांना खोडता येत होतं.

बाबांनो, माझं एकच मागणं आहे. दगड उचलण्याआधी तो कोणी ठेवलाय ते विचारा, आणि सांगायला कोणी नसेल तर थांबा. आठच दिवस थांबायचं होतं.