कपाशीतला तांदुळजा

यशोदाबाईंनी कपाशीच्या दोन ओळींमधला तांदुळजा खुडून ओटीत भरला. पानं कशी रुंद, तजेलदार, आणि एकालाही भोक नाही. पूर्वी निम्मी भाजी अळ्याच फस्त करायच्या. यंदा अळी नाही, की तिच्यामागे फिरणारे बगळेही नाहीत. बाईंना त्याचं कौतुकच वाटत होतं.

घरी येऊन त्यांनी भाजी तीन पाण्यांनी धुतली. औषधाचा वास जाईपर्यंत धुवायची, हा त्यांचा नेम. दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या, मगनभाऊंच्या छातीत कळ आली तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: मटण बंद, पालेभाजी रोज. मगनभाऊ म्हणजे मटणाचा रस्सा वाटीने नव्हे, तांब्याने पिणारा माणूस! पण मरणाच्या भीतीने ते सुतासारखे सरळ झाले. रविवारी अंगणात पेटणारी मटणाची वेगळी चूल विझली ती विझलीच. यशोदाबाई माळकऱ्याची लेक, जन्मात मांसाला शिवल्या नव्हत्या. बावीस वर्षं नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडून जे जमलं नाही ते डॉक्टरांनी एका वाक्यात केलं, म्हणून त्या मनोमन खूश होत्या. सकाळ-संध्याकाळ त्या भाजी रांधू लागल्या.

पहिला महिना बरा गेला. मग मगनभाऊंचे हात थरथरायला लागले. घाम, पोटात कळा, आणि तोंडाला सारखं पाणी. ते पुसायला खांद्यावर फडकं आलं.

एका रविवारी संध्याकाळी धाकटा दीर तोताराम मटणाचा डबा घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, भाऊना अंगमा काही ऱ्हायनं नही. घासपाला खाईसन माणूस जगस का?"

"डॉक्टरनी सांगेल शे."

"डॉक्टरले काय समजस!"

"मी जल्मात मटन खादं नही. माले काय व्हयनं?"

बाई खरंच ठणठणीत होत्या. साऱ्या भावकीत हा मुद्दा कुणाला खोडता आला नव्हता. डबा आला तसा परत गेला, आणि बाईंनी त्या आनंदात भाजीला लसणाच्या चार पाकळ्या जास्त घातल्या.

मगनभाऊ जेवायला बसले तेव्हा पितांबर आला. गावातली फवारणी तोच करायचा. उद्या पंप कोणत्या वावरात न्यायचा ते विचारायला तो ओट्यावर टेकला, तशा बाई बाहेर आल्या. आत जेवणाऱ्या मगनभाऊंकडे बघता बघता त्याचा चेहरा बदलला.

"अक्का, भाऊ स्वता फवारा मारतस का?"

"कशाले? तूच मारस ना."

"मंग लाळ कशी गळी ऱ्हायनी? दिवसभर पंप धरा का आमनं असंच व्हस. हात थरथरतस, डोयासमोर धुकं येस."

"अरे, मटन सोडं तवपाईन भाजीच खातस."

"कोठली भाजी?"

"आपलीच. कपाशीमधली."

पितांबर उठून उभा राहिला.

"दर आठ दिनमा तठे औषध मारस मी. आमी तठली भाजी घर नेतस नही, अक्का."

"तीन पानी धुस मी!"

"वास जास. औषध पानमाच ऱ्हास." तो बाईंकडे निरखून पाहू लागला. "तुमी बी खातस का?"

"माले कशी उरी?"

शब्द सवयीने निघून गेले. तांदुळजा ओटीभर आणला तरी शिजून मूठभर होतो. पुरुषाचं ताट आधी वाढायचं, मागून बाईंच्या वाट्याला भाकरी आणि ठेचा. त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं. दोन महिन्यांत त्या भाजीचा एक घासही त्यांच्या तोंडी गेला नव्हता.

पितांबरला तिथेच सोडून त्या धावत आत गेल्या.

मगनभाऊ थरथरत्या बोटांनी ताट पुसून चाटत होते. कढईही त्यांनी जवळ ओढून रिकामी केली होती. बाईंना पाहून ते शहाण्या पोरासारखे हसले.

"बठ्ठी खाई टाकी," ते म्हणाले. "डॉक्टरले सांगजो, एक दिन बी चुकना नही मी."