तळ्याकाठचा शरभ

गुलाबरावांच्या पत्राला भाऊरावांनी उत्तर दिलं नव्हतं. एकाच सोसायटीत राहणाऱ्या, दर रविवारी समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाने पोस्टाने पत्र पाठवावं, हाच खरं तर पहिला चमत्कार होता. दुसरा आज तळ्याकाठी चालू होता.

गाझियाबादच्या नव्या वसाहतीमागे, अर्धवट उभ्या टॉवरांच्या सावलीत ते तळं होतं. काठावरच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर मारुती गाड्या, स्कूटरी, दोन ट्रॅक्टरसुद्धा. मधोमध दाराएवढा फोटो आणि त्याला झेंडूचा हार. फोटोत कमळाच्या पानांवर उभा एक तपकिरी पक्षी. त्याच्या पोटाखालून लोंबणारे लांबलचक पाय. मोजून आठ.

"भक्तों!" शरभनाथबाबा माईकवर गरजले. "भगवान शिव का अष्टपाद शरभ! सतयुग के बाद पहली बार, आपके सेक्टर में!"

पुराणातला आठ पायांचा शरभ थेट सेक्टरात उतरला म्हटल्यावर टाळ्या पडणारच.

"अब इन अंग्रेजी गोलियों का क्या काम? विसर्जन करो! शरभ का जल पियो!"

लोक रांगेने येत, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या तळ्यात टाकत आणि तेच पाणी बाटलीत भरून घेत. तेव्हा बाटलीतल्या पाण्याने कुणाला थोडा गुण आला असेल, तर तोही गोळ्यांचाच. जाताना प्रत्येक जण प्रसाद म्हणून कमळाचं एक पान उपटून नेत होता. तळं निम्मं उघडं पडलं होतं.

भाऊराव मांडवाच्या खांबाआड उभे होते. गर्दीत घुसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. तेवढ्यात रांगेत त्यांना शीला दिसली. समोरच्या फ्लॅटमधली, मूळची अमरावतीची, टेलिफोन खात्यात नोकरीला. हाताशी सिद्धांत, नऊ वर्षांचा. पोराला फिट्स यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून बंद झाल्या होत्या. गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच गोळ्यांची पट्टी शीलाच्या मुठीत होती.

"शीला, तू? तू इथे?"

"काका, तुमच्यामुळेच तर धीर आला."

"माझ्यामुळे?"

"मागच्या रविवारी शरभनाथबाबांनी मांडवात सांगितलं ना. असा पक्षी कुठल्या पुस्तकात आहे का, असं आमच्या ट्रस्टने भाऊरावांना लेखी विचारलं, ते निरुत्तर झाले. म्हटलं, बाबांचं सोडा, पण काकांकडे पक्ष्यांची एवढी पुस्तकं. त्यांनाच उत्तर सापडत नाही, म्हणजे काहीतरी असणारच."

पत्राची शेवटची ओळ भाऊरावांना पाठ होती. 'पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास असा पक्षी आपल्या माहितीत नाही, असे समजण्यात येईल.' खाली सही, बाबांच्या ट्रस्टचे सचिव म्हणून गुलाबरावांची. दोघांनी एकाच सरकारी कचेरीत उभा जन्म असल्या ओळी लिहिण्यात घालवला होता.

गुलाबराव फोटो काढायचे आणि भाऊराव पुस्तक उघडून नावं सांगायचे, असा त्यांचा रविवार. मांडवातला फोटोही गुलाबरावांनीच काढलेला; त्यातला पक्षी भाऊरावांनी अशाच एका रविवारी ओळखला होता, आणि गुलाबरावांनी मान डोलावली होती. मग पत्रात तोच प्रश्न का? भाऊरावांना वाटलं, आपलंच चुकलं असणार. त्यांनी पक्षी डोळ्यांनी पाहिला, आपण नुसता कागदावर. तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं.

रांग सरकली. शीलाचा हात पाण्यावर गेला.

"थांब!" भाऊराव ओरडले. आवाज चिरकला, पण लोकांनी वळून पाहिलं. आता लपायला खांब नव्हता. त्यांनी अंगावरची शाल सोडली. "सिद्धांत, ये इकडे. बेटा, तुम दोनों भी आओ." तीन पोरं त्यांच्या कमरेला बिलगली. भाऊरावांनी शालीसकट दोन्ही हात पसरले आणि पोरांवर मिटून घेतले. खाली फक्त पाय दिसत होते.

"गिनो!"

"आठ!" कुणीतरी ओरडलं.

"अरे, अंकल भी शरभ निकले! हार डालो अंकल को!" मांडवात हशा पिकला.

"हा कमळपक्षी आहे," भाऊराव मोडक्या हिंदीत सांगू लागले. "बोटं लांब, म्हणून पानांवर चालतो. मादी अंडी घालून निघून जाते. पिल्लं बाप सांभाळतो. धोका दिसला की त्यांना पंखांखाली दाबून पळतो. पिल्लं झाकली जातात, पाय लोंबत राहतात. दोन बापाचे, सहा तीन पिल्लांचे. देव नाही हो, बाप आहे तो!"

"सबूत?" बाबा कडाडले. "किताबी कीड़ा! तूने अपनी आँखों से देखा है?"

भाऊराव गडबडले. पाहिलं तर नव्हतंच. त्यांची नजर बाबांच्या मागे बसलेल्या गुलाबरावांकडे गेली.

"गुलाबराव, तुम्ही कधी एका फोटोवर थांबत नाही. याच्या पुढचा फोटो कुठे आहे?"

गुलाबराव खाली बघत होते. मग मराठीत पुटपुटले, "पुढच्या फोटोत पिल्लं खाली उतरली होती."

शीला गर्रकन वळली. "सुना आपने? ये कह रहे हैं, अगली फोटो में बच्चे पंखों से नीचे उतर आए थे! इनको सब पता था!"

रांग मोडली. 'भगवान रूठ गए' म्हणत बाबांनी माईक बंद केला. शीलाने पट्टी पर्समध्ये ठेवली आणि पोराचा हात धरून ती घराकडे निघाली. भाऊरावांकडे तिने पाहिलं नाही.

"बिल्डर तळं बुजवून शॉपिंग कॉम्प्लेक्स करणार होते," गुलाबराव जवळ येऊन म्हणाले. "देव बसवला म्हणून वाचलं, भाऊराव."

"पानंच उरली नाहीत. पक्षी उभा कुठे राहणार?" भाऊराव म्हणाले. "आणि खोटंच बोलायचं होतं तर मला पत्र कशाला घातलंत?"

"तुम्ही उत्तर देणार नाही, हे मला ठाऊक होतं."

चाळीस वर्षांच्या मैत्रीत या माणसाने आपल्याला इतकं नेमकं ओळखलं होतं!

घरी येऊन भाऊराव लिहायला बसले. या वेळी कागद फाडला नाही.

'सचिव महाशय, आपल्या पत्रातील पक्षी कमळपक्षी आहे, नर. त्याला पाय दोनच असतात. मला हे आधीच माहीत होते. उत्तर दिले नाही, ही माझी चूक. पण एखादा माणूस गप्प बसला, एवढ्याने खोटे खरे ठरत नाही. आपल्याला कळले नाही म्हणजे चमत्कार झाला, असेही नाही. न कळल्यास विचारावे, तपासावे, पुढचा फोटो मागावा. आणि गोळी बंद करायची की नाही, हे डॉक्टरला विचारावे, पक्ष्याला नव्हे. हे पत्र मांडवात सर्वांना वाचून दाखवावे. मीही तेथे उभा असेन.'

गुलाबरावांचं दार जिना उतरला की समोरच होतं. भाऊराव त्या दारावरून पुढे गेले, पाकिटाला तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत ते टाकलं.