मिस्त्रींच्या पाठीशी

दातांनी दोरा तोडून मिस्त्रीणबाईंनी शिवलेला पडदा मांडीवरून खाली सारला आणि समोरच्या पाठीला विचारलं,

"चहा टाकू का हो?"

पाठ हलली नाही.

"नको म्हणताय? बरं, टाकते."

रविवारची सकाळ होती. खिडकीखालच्या टेबलाशी मिस्त्री लॅपटॉप उघडून बसले होते. कानांवर लेकीनं दिलेले मोठे हेडफोन होते, पण ते निव्वळ शोभेला. पत्र्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घणांच्या दणदणाटात गेली आणि तिशी ओलांडता ओलांडता मिस्त्रींचे कानही गेले. यंत्र लावून पाहिलं, तर शब्दांऐवजी नुसती घरघर. तेव्हापासून मिस्त्री समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेत. बायकोचे ओठ तर त्यांना तोंडपाठ होते. तिनं बोलायच्या आधीच ते उत्तर देऊन मोकळे होत, आणि निम्म्या वेळा ते साफ चुकलेलं असे.

त्यांनी पाठ फिरवली, की मिस्त्रीणबाईंना मोकळं रान मिळे. शिवणयंत्र चालवता चालवता त्या समोरच्या रुंद, किंचित वाकलेल्या पाठीशी मनातलं सगळं बोलत. भांडण झालं असेल तर उरलेलं भांडण पुरं करत. लेकीची आठवण आली तर ती सांगत. आणि कधी कधी, जे एवढ्या वर्षांच्या संसारात तोंडावर म्हणायला जीभ रेटली नव्हती, तेही म्हणून टाकत. अशी सोय जगात दुसऱ्या कुठल्या बाईला नसेल, असं त्यांना वाटे.

"मान बघा कशी अवघडलीय," चहाचा कप टेबलावर ठेवून त्या आता म्हणाल्या. "या वयात पोरं आरामखुर्ची मागवतात बापासाठी. आमचे हे परीक्षेला बसलेत. पण खरं सांगू का? असे वाकून अभ्यास करताना फार गोड दिसता हो."

कपाच्या वासानं मिस्त्रींनी वळून पाहिलं.

"काही म्हणालीस?"

"साखर कमी घातलीय म्हटलं," त्या ओठ स्पष्ट हलवत म्हणाल्या.

मिस्त्रींना हे पदवीचं वेड आत्ता लागलेलं नव्हतं. लग्न नवीन होतं तेव्हा ते कारखाना सुटल्यावर संध्याकाळच्या कॉलेजात जात. कान तेव्हा दगा द्यायला लागले होते, म्हणून पहिल्या बाकावर बसत. एकदा सरांनी फळ्याकडे तोंड करून काहीतरी विचारलं. मिस्त्री उठून भलतंच उत्तर देऊन बसले. वर्ग हसला. मिस्त्रींनी वह्या पिशवीत भरल्या, घरी आले, आणि पुढे कॉलेजचं नाव काढलं नाही.

मग अगदी अलीकडे लेकीनं सांगितलं, की उपयोजित संगणकशास्त्राची पदवी आता घरबसल्या घेता येते. मिस्त्रींनी हो ना करत पहिलं व्याख्यान लावलं. पडद्यावर सर बोलत होते आणि खाली त्यांचा एकेक शब्द उमटत होता. थोड्या वेळानं सर फळ्याकडे वळले. मिस्त्री खुर्चीतून अर्धे उठले आणि घर दणाणेल एवढ्या आवाजात ओरडले,

"अगं, इकडे ये! सर पाठमोरे झाले तरी कळतंय!"

तेव्हापासून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. शेवटच्या वर्षी गटानं प्रकल्प करायचा होता. त्यांच्या गटात वेगवेगळ्या गावांतली तिघं होती. इस्पितळात काम करणारी एक मुलगी, जिला सगळे सिस्टर म्हणत, एक कुरियरवाला, आणि बँकेतला एक कारकून. दर रविवारी चौघं पडद्यावर भेटत. ती तिघं आपसात बोलत, पण मिस्त्रींशी सगळं लिहून. "आजकालच्या पोरांना बोलायचाच कंटाळा," मिस्त्री खुशीत सांगत, "माझ्या पथ्यावर पडलं." कल्पना मिस्त्रींचीच होती. दवाखान्यात आपला नंबर आला, की हातातला फोन थरथरावा. कुणी नाव पुकारायची गरजच नको. हे कसं सुचलं, असं तिघांपैकी कुणीही विचारलं नाही. आपल्या कानांचा कुणाला पत्ता नाही, याचा मिस्त्रींना केवढा अभिमान होता!

आणि आता तोंडी परीक्षा येऊन ठेपली होती. परीक्षक समोर येऊन प्रश्न विचारणार. व्याख्यानासारखी त्याच्या बोलण्याची अक्षरं खाली उमटणार नव्हती. पडद्यावरचे ओठ बोटाच्या पेराएवढे, त्यात चित्र मध्येच थिजणार. खोलीत दुसरं माणूस नको आणि कानांवर हेडफोनही नको, असा नियम.

"विद्यापीठाला कळवा ना," मिस्त्रीणबाईंनी कितीदा सांगून पाहिलं. "सोय करून देतील ते."

"बहिरा म्हणून पदवी पदरात टाकली, असं कुणी म्हणायला नको."

"कोण म्हणणार आहे?"

"मीच म्हणेन." मग त्यांनी हात पुढे केला. "लेकीलासुद्धा सांगायचं नाही. वचन दे."

त्यांनी वचन दिलं, आणि नवऱ्याची पाठ वळल्यावर रविवारभर त्या पाठीशी चरफडत बसल्या.

"हट्टीपणा म्हणजे किती तो! लिहून विचारले प्रश्न तर काय आभाळ कोसळणार आहे? सगळं येतं हो तुम्हाला, मी पाहते ना रोज. आणि पुन्हा एकदा कुणी हसलं, आणि तुम्ही तसेच पिशवी उचलून उठलात... मला नाही बघवणार ते. तुमच्याहून मीच खचेन."

शिवणयंत्राच्या पायडलवर त्यांचा पाय थांबला होता. मिस्त्री टकटक टाइप करत होते.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्रींनी इस्त्रीचा सदरा घातला. मिस्त्रीणबाईंनी कॉलर नीट केली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं. भांडी घासायच्या निमित्तानं त्या मोरीशी उभ्या राहिल्या, पण नळ सोडला नाही. आज हेडफोन नसल्यानं लॅपटॉपचा आवाज थेट आत येत होता.

परीक्षक बाईंनी सगळ्यांची ओळख विचारली. ती मिस्त्रींनी घोकलेली होती, धाडधाड म्हणून दाखवली. मग बाई म्हणाल्या,

"आता पहिला प्रश्न. एकाच वेळी दोन रुग्णांनी नाव नोंदवलं, तर तुमची प्रणाली काय करते? हे कुणी ज्येष्ठांनीच सांगावं."

मिस्त्रीणबाईंनी हातातली वाटी घट्ट धरली. खुर्ची करकरली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मिस्त्री पुढे वाकून ओठ शोधत होते.

"ऐकू येतंय ना तुम्हाला?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"मॅडम," एका मुलीचा आवाज आला, "एक विनंती होती. प्रश्न लिहून विचाराल का? आम्हा सगळ्यांनाच."

"का? काही अडचण आहे?"

"अडचण नाही मॅडम," एक घोगरा आवाज म्हणाला. "सवय आहे. आमचं सगळं काम असंच झालंय."

"समोर लिहिलेलं असलं, की उत्तर नेमकं देता येतं," तिसरा आवाज घाईनं म्हणाला.

बाई जराशा हसल्या. "मला काय, विचारते लिहून."

मग बटणांचा आवाज, आणि लगेच मिस्त्रींचा खणखणीत स्वर. घर दणाणून गेलं. मिस्त्रीणबाईंनी वाटी खाली ठेवली आणि नळ पूर्ण सोडला. आता त्यांना काही ऐकायची गरज नव्हती.

परीक्षा संपली. परीक्षक बाई निघून गेल्या तेव्हा मिस्त्री घामानं निथळत होते. "तोंड धुऊन येतो," म्हणत ते मोरीकडे गेले, आणि मिस्त्रीणबाई टेबल आवरायला खोलीत आल्या.

"काकू?"

त्या दचकल्या. पडद्यावर तीन चेहरे अजून तसेच होते. पांढऱ्या गणवेशातली मुलगी हात हलवत होती.

"मला कसं ओळखलंस गं?"

मुलीनं ओशाळून बाजूला पाहिलं. "आवाजावरून. काकांचा माइक चालू असतो, काकू. पहिल्या दिवसापासून."

"पण ते तर बंद करून बसतात. परीक्षेपुरता बाईच तिकडून चालू करतात म्हणाले. तो बघ ना, हिरवा दिवा."

"हिरवा म्हणजे चालू."

मिस्त्रीणबाई त्या दिव्याकडे बघत राहिल्या. कारखान्यात हिरवा दिवा म्हणजे यंत्र बंद, खुशाल हात घाला. मिस्त्रींनी जन्मभर तेच पाहिलं होतं.

"सगळं ऐकू यायचं?"

"शिवणयंत्रसुद्धा," कुरियरवाला म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

मिस्त्रीणबाईंचे कान तापले. एकेक रविवार डोळ्यांपुढून सरकू लागला. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"चुकलंच आमचं," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या दिवशी आम्ही ओरडून सांगितलं, माइक बंद करा. काकांनी वर पाहिलंच नाही, तेव्हा कळलं. मग लिहून कळवणार होते, तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात, आणि बोलायला लागलात. मी हॉस्टेलवर राहते, काकू. रविवारी सकाळी घरातल्यासारखा आवाज यायचा. मग बंद करा म्हणवेना."

"म्हणून आज ते लिहून विचारायचं..."

"गेल्या रविवारी तुम्हीच तर म्हणालात."

मोरीतला नळ बंद झाला. सिस्टर चटकन म्हणाली, "काकांना सांगू नका हं."

मिस्त्री टॉवेलनं मान पुसत आले. चेहरा असा उजळलेला, की मिस्त्रीणबाईंना क्षणभर संध्याकाळच्या कॉलेजात निघालेला तो तरणा गडीच दिसला.

"पाहिलंस?" ते आपल्या परीनं कुजबुजले, म्हणजे शेजारपाजारी ऐकू जाईल इतकंच. "शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही!"

पडद्यावरची तिघं अगदी साळसूदपणे समोर बघत होती.

"नाही लागला," मिस्त्रीणबाई ओठ स्पष्ट हलवत म्हणाल्या.

मिस्त्री खुर्चीत बसले आणि गटाचे आभार मानायला दोन बोटांनी टकटक करू लागले. मिस्त्रीणबाई मागे उभ्या राहिल्या. वाकून एक बटण दाबलं असतं, की दिवा विझला असता. त्यांचा हात टेबलापर्यंत गेला, घुटमळला, आणि मागे आला. त्यांनी स्टूल जवळ ओढलं, मिस्त्रींच्या पाठीमागे बसल्या, आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत विचारलं,

"सिस्टर, जेवलीस का गं?"

मिस्त्रींना ओठ दिसू नयेत म्हणून मुलीनं तोंडापुढे हात धरला.

"अजून नाही, काकू," ती म्हणाली. "तुम्ही बोला."